मुकं भांडं

त्या घरात भट्टीतून निघालेल्या भांड्याला आधी बोलावं लागे. बोललं तर ते दुकानात जाई. नाही बोललं तर ज्याने घडवलं त्यानेच ते भट्टीच्या तोंडाशी असलेल्या दगडावर फोडायचं, असा नियम होता. दुसऱ्याने फोडलेलं चालत नसे. बाप म्हणे, दुसऱ्याने फोडलं की नुसता राग येतो, स्वतः फोडलं की अक्कल येते.

बोलतं की मुकं, हे ठरवणारा बापच. उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून त्याच्या पेराने तो भांड्याच्या पोटावर एकच ठोका मारी, डोळे मिटे आणि मान किंचित तिरकी करून ऐके. पक्क्या भांड्याचा आवाज घुमतो, लांबतो. कच्चं राहिलेलं किंवा तडा गेलेलं भांडं थप्प म्हणून गप्प होतं. एवढं कुणालाही कळेल. बापाला या दोन्हींच्या अधलंमधलं सगळं कळे. डोळ्याला न दिसणारा, पाणी भरल्यावर कधीतरी पाझरणारा केसाएवढा तडा त्याला आवाजातल्या खरखरीत सापडे. बाजारात कुणीतरी गमतीने म्हणालं होतं, तानसेन सगळेच व्हायला बघतात, कानसेन हा एकच. तेच नाव पडलं. पुढे गंमत सरली, नाव राहिलं. रांजण घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी विचारी, "कानसेननी वाजवलाय ना?" हो म्हटलं की पुढे कुणी रांजणाला बोट लावून बघत नसे.

घर शहराच्या शेवटच्या गल्लीत होतं. पुढे कामाची खोली, तिच्या दारावर लिंबाएवढी पितळी घंटी. दार ढकललं की ती वाजे. आत थोरल्या मुलाचं चाक, भिंतीला लावून सुकत ठेवलेले रांजण, ओल्या मातीवर टाकलेली गोणपाटं. मागे अंगण, अंगणात भट्टी, भट्टीच्या बाजूला एक लहान खोली. अंगणाच्या भिंतीपलीकडे घरं नव्हती. तिथून वाळू सुरू होई ती नजर पोचेल तिथवर. वारा सुटला की ती भिंतीवरून आत येई, आणि आई रोज उंबरा झाडी, रोज ती पुन्हा तिथे असे.

मागची खोली धाकट्या मुलीची होती. तिची म्हणजे तिच्या नावावर नव्हे. तिथे आधी सरपण ठेवत, ते तिने एका बाजूला सरकवलं आणि उरलेल्या जागेत बसायला लागली. चाकावर तिला कुणी बसू दिलं नव्हतं. चाक थोरल्याचं. तिने मागितलंही नाही. ती मातीच्या वळ्या करी आणि वळीवर वळी ठेवून हातानेच भांडं उभं करी. सुरुवातीला घरच्यांना वाटलं, करमत नाही म्हणून करते. लग्नाचं बघू, बघू म्हणत वर्षं गेली होती आणि ते बघणंही आता थांबलं होतं. तेव्हा हात गुंतलेले बरे, असं आईचंही मत पडलं.

मग तिची ती भांडी व्हायला लागली.

सकाळी ऊन चढायच्या आत ती भिंतीपलीकडे जाई. वाळूची टेकडी एका अंगाने सावकाश चढते आणि दुसऱ्या अंगाने एकदम कोसळते, आणि मधली धार इतकी नेमकी असते की तिच्यावर बोट ठेवायची भीती वाटावी. रात्रीच्या वाऱ्याने काढलेल्या बारीक रेघा सगळ्या एका दिशेने जातात, जवळ येतात, पण एकमेकींना ओलांडत नाहीत. ती हे बघत बसे. परत येऊन तिने तसंच भांडं केलं: एक बाजू उतरती, एक बाजू उभी, काठापासून तळापर्यंत तिरपी गेलेली एक धार. ओल्या अंगावर ती वाळलेल्या गवताची काडी ओढून रेघा काढी. त्याच वाळूतली बारीक वाळू पाण्यासारख्या पातळ मातीत कालवून वरून लावी. भाजल्यावर त्या भांड्याला सकाळच्या टेकडीचा रंग येई. हातात घेतलं की तळहात आपोआप धारेखाली जाऊन बसे.

थोरला पहिल्यांदा बघून म्हणाला, हे भांडं आहे की वाऱ्याने पडलेलं घर. पण त्याने ते हातातून लवकर खाली ठेवलं नाही.

पहिल्या भट्टीतली तिची सगळी भांडी बापाने मुकी ठरवली.

तिने ती फोडली. तिला आवाज आला होता. ठोका पडल्यावर भांडं तारेसारखं, लांब, बारीक वाजलं होतं, असं तिला वाटलं. पण समोर कानसेन उभा होता, आणि लहानपणापासून तिने एकदाही त्याचा शब्द चुकलेला बघितला नव्हता. तिला वाटलं, मला येतो तो आवाज माझ्या हौसेचा असावा. आईला आपलं मूल हुशारच वाटतं, तसं.

मग ती सुधारायला बसली. दोष कुठे असेल? भांडं मोठं आहे, अंग सैल राहत असेल. तिने ते लहान केलं, दोन तळव्यांत मावेल एवढं. माती जाड आहे. तिने ती फडक्यातून गाळली. भाजण कमी पडते. तिने आपली भांडी भट्टीत अगदी जाळाजवळ मांडली, जिथे थोरला आपला रांजण कधी ठेवत नसे, कारण तिथे एक तर भांडं दगडासारखं होतं नाही तर फुटतं. तिची फुटली नाहीत. दगडासारखी झाली.

दुसऱ्या भट्टीला बापाने ठोका मारला, डोळे मिटले, वाट पाहिली. "मुकं," तो म्हणाला. मग पुढचं. "मुकं." त्याच्या आवाजात राग नव्हता. दुःखच होतं, आणि त्यामुळे ते जास्त लागलं.

खरी गोष्ट घरात दोघांना माहीत होती.

कान एकदम जात नाहीत. आधी बारीक आवाज जातात. चिमण्या जातात, किटलीची शिट्टी जाते. जाड आवाज तसेच राहतात, बोलणं कळतं, गाडी कळते, आणि त्यामुळे ज्याचे कान जातात त्याला काही गेलंय असं वाटतच नाही. त्याला वाटतं, जगच जरा शांत झालंय. थोरल्याचे रांजण कमरेएवढे. त्यांचा आवाज खालचा, घुमणारा, तो बापाला पहिल्यासारखा येई आणि त्यातला तडाही पहिल्यासारखा सापडे. धाकटीचं भांडं मात्र जितकं सुधारत गेलं तितका त्याचा आवाज बारीक, उंच होत गेला, आणि बापाच्या कानापासून लांब लांब गेला. तिने थोडं वाईट काम केलं असतं तर कदाचित त्याला ऐकू आलं असतं.

थोरल्याला कळलं ते दारावरच्या घंटीमुळे. गिऱ्हाईक आत येई, घंटी वाजे, आणि बाप दाराकडे पाठ करून हातातलं काम करत राही. पूर्वी घंटी हलायच्या आत त्याची मान वळायची. थोरल्याने एकदा मुद्दाम दार तीनदा उघडमीट केलं. मग तो आईकडे गेला आणि हळूच म्हणाला की बाबांना घंटी ऐकू येत नाही.

आई ओट्यापाशी काहीतरी निवडत होती. तिने हात थांबवला नाही. किटली ओरडून ओरडून आटते आणि हा माणूस शेजारी बसून असतो, हे ती किती दिवस बघत होती.

"तुझं लग्न होऊ दे आधी," ती म्हणाली.

थोरल्याला ते लगेच पटलं. मुलीकडचे आले होते ते कानसेनचं घर म्हणून. लग्न झालं की त्याला मागची खोली लागणार होती. आणि एक तिसरंही होतं, ते त्याने स्वतःशीही नीट उच्चारलं नव्हतं: धाकटीची भांडी चांगली होती. रांजण कुणीही करतो. ती भांडी दुसऱ्या कुणाला जमली नसती, त्यालाही नाही.

धाकटीला यातलं काही माहीत नव्हतं. ती मागे बसे, घंटीपासून दूर. बाप तिच्याशी बोले, ती बापाशी बोले, तिचा आवाज लहानपणापासून जरा घोगराच. तो त्याला नीट येई.

मग मावशीचा निरोप आला. मावशीच्या यजमानांचं अर्धं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. मावशीने हात टेकले होते. तुमच्याकडे धाकटी मोकळीच आहे, असं तिने कळवलं. आईने ते जेवणानंतर घरात सांगितलं आणि पाठोपाठ असंही सांगितलं की नात्यात हे बघावंच लागतं, पुण्याचं काम आहे. थोरला म्हणाला, माणसाने कुणाच्या तरी उपयोगी पडावं. धाकटीने बापाकडे बघितलं.

तिच्यावर त्याचा जीव होता, आणि भांडी मुकी निघतात याचं त्याला तिच्याइतकंच वाईट वाटत होतं. शेवटी तो म्हणाला, "एक भट्टी अजून. बोलली तर मागची खोली तुझी, थोरल्याने वर माडी बांधावी. नाही बोलली तर मावशीकडे जा. पुन्हा मातीचं नाव काढू नकोस."

हे न्यायाचं बोलणं होतं. सगळ्यांनी मान डोलावली. धाकटीनेही.

त्या भट्टीसाठी तिने जे केलं ते आधी कधी केलं नव्हतं. माती कालवून ती इतकी मुरवली की मळताना हाताला लोणी लागावं. वळ्यांच्या सांध्यांवरून ती ओलं बोट फिरवी, मग डोळे मिटून पुन्हा फिरवी. सुकताना ऊन लागू नये म्हणून भांडी सरपणाआड ठेवून वर ओलं फडकं टाकी आणि फडकं सुकलं की उठून ओलं करी. जेवताना मध्येच उठे. थोरला म्हणाला, "तान्ही आहेत वाटतं. पाजून येतेस का?" ती हसली. तिला खरंच तसं वाटत होतं. या वेळी तिला आशा होती, आणि त्या आशेकडे बघणं घरात कुणालाही जड जात नव्हतं.

भट्टी उघडायची ती सकाळीच, रात्रभर निवाल्यावर. आणि सकाळी आईचं मौन असे.

हे तिचं जुनं व्रत. उठल्यापासून ऊन उंबऱ्यावर येईपर्यंत ती बोलत नसे. काम करी, मनात नाम घेई, बोलत नसे. आजारपणात पाळलं, पाहुणे आले तरी पाळलं. व्रत खरं होतं, त्यात सोंग नव्हतं. मौन कशासाठी सोडता येतं तेही तिला ठाऊक होतं. कुणाचा जीव जात असेल तर सोडावं, दोष लागत नाही, उलट न सोडल्याचा लागतो, असं तिला तिच्या आईने व्रत देतानाच सांगितलं होतं. पण मडकी म्हणजे काही जीव नव्हे.

त्या सकाळी बापाने दुकानवाल्या बाईंनाही बोलावलं होतं. बाजारातल्या मोठ्या दुकानात त्यांचे रांजण जात ते या बाईंकडेच. मागच्या खेपेला त्यांनी अंगणात पडलेली धाकटीच्या भांड्याची खापरी उचलली होती आणि तिच्यावरच्या रेघांवरून बोट फिरवत विचारलं होतं, हे कुणी केलं, अख्खं आहे का एखादं? बोलतं निघालं तर आहे, बाप म्हणाला होता. धाकटीने ते ऐकलं होतं.

थोरल्याने भट्टीच्या तोंडाच्या विटा काढल्या. उबारा बाहेर आला. त्याने आपले रांजण काढून ओळीने मांडले, मग आत वाकून तिची भांडी एकेक करून दिली. ती तिने अंगणात मांडली. सकाळचं ऊन अजून तिरकं होतं आणि प्रत्येक भांड्याच्या एका अंगाला सावली पडली होती, धारेच्या बरोबर पलीकडे, टेकडीला पडते तशी.

तेवढ्यात पुढच्या दाराची घंटी वाजली. दुकानवाल्या बाई आल्या होत्या. अंगणाचं दार सताड उघडं होतं, आवाज स्वच्छ आला. थोरल्याने बघितलं, आईने हातातला झाडू थांबवून बघितलं, धाकटीने बघितलं. बाप त्याच दारात, धाकटीच्या पुढे हातभरावर उभा राहून फडक्याने हात पुसत होता. तो तसाच पुसत राहिला. मग त्याला सगळ्यांचे चेहरे एकीकडे वळलेले दिसले आणि तो वळला. "या बाई, या," म्हणाला.

धाकटीच्या मनात काहीतरी लकाकून गेलं. पण ते काय, हे तिने तेव्हा स्वतःला विचारलं नाही. भांडी समोर होती.

बापाने आधी रांजण घेतले. ठोका. डोळे मिटले. रांजण खोल घुमला. "बोलतो." दुसरा. "बोलतो." तिसऱ्याला त्याने मान हलवली, पुन्हा ठोका मारला आणि म्हणाला, काठाखाली, डाव्या अंगाला. थोरल्याने निमूटपणे तो दगडावर फोडला. खरंच काठाखाली, डाव्या अंगाला जुनी काळसर रेघ निघाली. दुकानवाल्या बाईंनी कौतुकाने मान डोलावली.

मग तो धाकटीच्या भांड्यांशी आला. पहिलं उचलून त्याने डाव्या तळव्यावर घेतलं. ठोका मारला.

भांडं वाजलं. बारीक, उंच, स्वच्छ. आवाज अंगणभर गेला आणि भिंतीवर बसलेल्या चिमण्या उडाल्या. बाप डोळे मिटून, मान तिरकी करून उभा होता. आवाज लांबत गेला, बारीक होत गेला, विरला. तो अजून वाट बघत होता. आवाज सरून गेल्यावरही तो वाट बघतच होता, आणि धाकटी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

त्याने डोळे उघडले. "मुकं," तो म्हणाला.

दुकानवाल्या बाई हसल्या. त्यांना वाटलं थट्टा आहे. "अहो, वाजलं की. चांगलं वाजलं."

"बाई, तुम्ही विकता, मी ऐकतो," बाप सौम्यपणे म्हणाला. मग थोरल्याकडे वळला. "काय रे?"

थोरला धाकटीकडे बघत नव्हता. त्याने भांडं हातात घेतलं, ठोका मारला, सगळ्यांनी पुन्हा तो आवाज ऐकला. त्याने भांडं परत दिलं.

"मुकंच आहे, बाबा."

बापाने आईकडे बघितलं. तिने तोंड उघडायची गरज नव्हती, मान हलवली असती तरी पुरलं असतं. मौनात मान हलवायला बंदी नसते. तिने उंबऱ्याकडे पाहिलं. ऊन अजून आलं नव्हतं. ती खाली वाकून झाडू लागली.

"फोड, बाळ," बाप म्हणाला.

धाकटी भट्टीच्या दगडाकडे गेली नाही. ती बापाच्या मागून कामाच्या खोलीत गेली, पुढच्या दाराशी पोचली, आणि हात वर करून घंटी हलवली. बाप अंगणाच्या दाराशी, तिच्याकडे पाठ करून, भांडं हातात धरून उभा होता. ती घंटी हलवत राहिली. दुकानवाल्या बाई आधी तिच्याकडे बघत होत्या, मग बापाच्या पाठीकडे बघायला लागल्या. थोरला म्हणाला, पुरे. तो कुजबुजला, म्हणून बापाला तेही कळलं नाही. ती थांबली नाही. शेवटी बापाला पुन्हा ते चेहरे दिसले, आणि तो वळला.

मुलीचा हात वर होता. घंटी इकडून तिकडे झुलत होती, आतला लोलक कडेवर आपटत होता, ते त्याला दिसत होतं. आवाज नव्हता.

तो खूप वेळ बघत राहिला. मग त्याने डाव्या तळव्यावरच्या भांड्यावर ठोका मारला, आणि या वेळी तळवा भांड्याच्या पोटाला चिकटवून ठेवला. पक्कं भांडं वाजताना थरथरतं. ते कानाशिवायही कळतं. थरथर त्याच्या तळव्यात आली, पेरांत गेली. त्याने हात असा मागे घेतला की भांडं पडता पडता राहिलं.

त्याला कळलं, हे सगळ्यांना दिसलं.

धाकटी पुढे आली. "बाबा, पहिल्या भट्टीतलीही बोलत होती का हो?"

एवढंच तिने विचारलं. आवाज चढवला नाही. तिला वाटलं होतं की आता तो तिच्या डोक्यावर हात ठेवील. इतकी वर्षं तो म्हणत आला होता की भांडं खोटं बोलत नाही, माणसाने त्याचं ऐकावं.

बापाने भांडं जमिनीवर इतरांच्या ओळीत ठेवलं. पाठ सरळ केली. आणि कानसेनच्या आवाजात, जो सगळा बाजार ओळखत होता त्या आवाजात, म्हणाला, "मुकी आहेत. सगळी. या घरातून मुकं भांडं बाहेर जात नाही."

दुकानवाल्या बाई काहीतरी म्हणायला गेल्या. मी घेऊन जाते, मला चालतील, असं काहीसं त्यांच्या तोंडात आलं होतं. मग त्यांनी रांजणांच्या ओळीकडे पाहिलं. त्यांच्या दुकानातलं प्रत्येक गिऱ्हाईक विचारी, कानसेननी वाजवलंय ना. आज त्याला ऐकू येत नाही असं म्हटलं, तर आजवर विकलेल्याचं काय? त्यांनी पदर सारखा केला.

"तुमचा शब्द तो शब्द," त्या म्हणाल्या. रांजण पाठवून द्या, असंही म्हणाल्या, आणि गेल्या. दारातून बाहेर पडताना घंटी वाजली. बापाने ऐकू आल्यासारखी मान वळवली, पण जरा उशिरा, आणि चुकीच्या बाजूला.

धाकटीने पहिलं भांडं उचललं. दगडाशी गेली. फोडण्याआधी तिने त्याच्यावर ठोका मारला, बापासारखाच, दुमडलेल्या बोटाच्या पेराने, आणि तो आवाज पूर्ण सरू दिला. मग फोडलं. दुसरं उचललं, वाजवलं, आवाज संपेपर्यंत थांबली, फोडलं. असं ओळीने. थोरला थोड्या वेळाने आत गेला. आई झाडलेलंच अंगण झाडत होती. बाप मात्र हलला नाही. त्याला मुलीच्या बोटाचा ठोका दिसे, मग ती कशाची तरी वाट बघत उभी राहिलेली दिसे, मग फुटल्याचा खडखडाट मात्र त्याला नीट ऐकू येई. शेवटचं भांडं वाजवल्यावर ती बापाकडे बघत उभी राहिली. त्याने मान तिरकी केली. सवयीने केली असेल. ती बघत होती तोवर त्याने ती सरळ केली नाही. मग तिने तेही फोडलं.

ऊन उंबऱ्यावर आलं. आईने झाडू भिंतीला टेकवला, हात जोडले, डोळ्यांना लावले.

"खापऱ्या गोळा कर," ती म्हणाली. दिवसातला तिचा तो पहिला शब्द. "कुणाच्या पायात जातील."

घराच्या रीतीप्रमाणे खापऱ्या वाया जात नसत. त्या कुटून त्यांची पूड नव्या मातीत मिसळायची, त्याने माती आवळून येते, भट्टीत फाटत नाही. धाकटीने जायच्या आधी आपल्या भांड्यांची पूड स्वतःच कुटून, चाळून, थोरल्याच्या मातीच्या ढिगाशी ठेवली. थोरला म्हणाला, एवढी बारीक कशाला कुटलीस? ती म्हणाली, हाताला सवय आहे. त्या मातीचे रांजण पुढे फार छान बोलले, असं म्हणतात. बापाने ते नेहमीसारखे वाजवले. दारावरची घंटी मात्र त्याने उतरवून ठेवली. गिऱ्हाइकांनी विचारलं तेव्हा म्हणाला, कटकट होते.

थोरल्याचं लग्न झालं. मागच्या खोलीला चुना लागला.

मावशीचं घर पार दुसऱ्या टोकाला, दाट वस्तीत. तिथे वाळू नाही, माती नाही, फरशी आहे. यजमानांना बोलता येत नाही. काही लागलं की ते चमच्याने काचेच्या पेल्यावर ठोका मारतात. हात कापरा, ठोका अगदी हलका. मावशीला तो शेजारच्या खोलीतसुद्धा येत नाही, आणि एकदा झोप लागली की तिच्या उशाशी ढोल वाजवले तरी ती कूस बदलत नाही. धाकटीला तो कपडे वाळत घालताना वरच्या गच्चीवर येतो, नळाखाली भांडी घासताना येतो, झोपेत येतो. ती हातातलं टाकून जाते. पेल्यात पाणी किती आहे तेही तिला जिन्यातच आवाजावरून कळतं, आणि पाणी घेऊनच ती आत शिरते.

शेजारणी बसायला आल्या की मावशी तिचं कौतुक करताना थकत नाही. आधी वाटलं होतं, माहेरची मुलगी, करील का नाही. पण देवानेच धाडली.

"आम्हाला ऐकूसुद्धा येत नाही हो," मावशी सांगते, "आणि ही तिकडून धावत येते. अखेर कानसेनची मुलगी."